सण नेमका कोणत्या दिवशी? तिथी, पंचांग आणि निर्णयाचा अधिकार

लक्ष्मीपूजन गुरुवारी की शुक्रवारी, हा प्रश्न २०२४ च्या दिवाळीत देशभरातील असंख्य घरांत विचारला गेला. काशीतील विद्वानांनी गुरुवार, ३१ ऑक्टोबरच्या बाजूने कौल दिला. केंद्र सरकारी कार्यालयांची दिवाळीची सुटीही त्याच दिवशी होती. महाराष्ट्रातील प्रचलित पंचांगांनी मात्र शुक्रवार, १ नोव्हेंबर हा दिवस दिला आणि राज्य शासनाच्या सुट्यांच्या यादीतही तोच होता. मुंबईच्या शेअर बाजारातील मुहूर्ताचे सौदे १ नोव्हेंबरच्या सायंकाळी झाले. परिणामी उत्तर भारतात राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांनी शेजाऱ्यांच्या अंगणातील पणत्या विझल्यावर दुसऱ्या दिवशी आपले पूजन मांडले. २०२५ मध्ये हाच पेच २० आणि २१ ऑक्टोबर या दोन तारखांवरून पुन्हा उभा राहिला.

अशा प्रसंगी दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. एक, पंचांगकर्त्यांना गणित येत नाही. दुसरी, समाजमाध्यमांच्या काळात मुद्दाम घोळ घातला जातो. दोन्ही प्रतिक्रिया फारशा खऱ्या नाहीत. तारखेचा हा वाद धर्मशास्त्राच्या ग्रंथांइतका जुना आहे. किंबहुना ते ग्रंथ लिहिण्यामागचे एक मोठे कारण हाच वाद होय. तो समजून घेतला, तर श्रद्धा, खगोलगणित आणि आजचे नोकरी-व्यवसायाचे जीवन ही तिन्ही एकमेकांत कशी गुंतली आहेत, याचे बऱ्यापैकी स्पष्ट चित्र डोळ्यांसमोर येते.

मुळात तिथी म्हणजे दिवस नव्हे. सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंशात्मक अंतर बारा अंशांनी वाढण्यास जो अवधी लागतो, ती एक तिथी. चंद्राची गती एकसारखी नसते. पृथ्वीजवळ असताना तो वेगाने सरकतो, दूर असताना मंदावतो. त्यामुळे एखादी तिथी सुमारे वीस तासांत संपते, तर एखादी साडेसव्वीस तासांच्याही पुढे लांबते. सूर्योदयाशी तिचा काहीही संबंध नसतो. ती दुपारी सुरू होईल, मध्यरात्री संपेल, पहाटे बदलेल. व्यवहारासाठी सूर्योदयाच्या वेळी जी तिथी असेल ती त्या दिवसाची मानतात. मग जी तिथी दोन सूर्योदयांना स्पर्श करते तिची वृद्धी होते आणि जी एकाही सूर्योदयाला सापडत नाही तिचा क्षय होतो. पंचांगात एखादा अंक दोनदा येतो किंवा गाळला जातो, तो यामुळेच.

सणाला मात्र सूर्योदयाचा हा सोपा नियम पुरत नाही. प्रत्येक व्रताला त्याचा कर्मकाल असतो आणि त्या वेळेस ती तिथी असावी लागते. गणेश चतुर्थीला व रामनवमीला मध्यान्ह, विजयादशमीला अपराण्ह, महाशिवरात्रीला मध्यरात्रीचा निशीथकाल, संकष्टीला चंद्रोदय, लक्ष्मीपूजनाला प्रदोष म्हणजे सूर्यास्तानंतरचा काळ. या रचनेमागे एक ठाम धारणा आहे. हिंदू परंपरेत काळ हे कर्म ठेवण्याचे रिकामे पात्र नाही, तो कर्माचा एक घटक आहे. म्हणूनच संकल्प सोडताना स्थळाबरोबर अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र यांचा उच्चार केला जातो. आपण विश्वाच्या कोणत्या क्षणी, कोणत्या ठिकाणी उभे आहोत हे आधी सांगायचे आणि मग पाणी सोडायचे. ज्याला हे मान्य आहे त्याच्या दृष्टीने ‘सोयीच्या रविवारी करून टाकू’ हे वाक्य चुकीचे ठरत नसले, तरी काहीसे अपुरे ठरते.

२०२४ ची अमावास्या या सर्व नियमांची परीक्षा पाहणारी होती. ३१ ऑक्टोबरला दुपारी ३ वाजून ५२ मिनिटांच्या सुमारास ती सुरू झाली आणि १ नोव्हेंबरला सायंकाळी ६ वाजून १६ मिनिटांच्या सुमारास संपली. पहिल्या दिवशी प्रदोष तर तिने पूर्ण व्यापलाच, मध्यरात्रही व्यापली. दुसऱ्या दिवशी सूर्यास्तानंतर ती किती उरली, हे मात्र गावागणिक बदलत होते. कोलकात्यात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, तेथे सव्वा तास अमावास्या होती. नागपुरात ती अर्ध्या तासाहून थोडी अधिक होती, तर मुंबईत जेमतेम दहा-अकरा मिनिटे. द्वारकेत सूर्य मावळता मावळताच तिथी संपत होती. महाराष्ट्रातील निर्णयकारांनी आधार घेतला तो असा : दोन्ही दिवशी प्रदोषाला अमावास्येचा स्पर्श असेल तर दुसरा दिवस घ्यावा, कारण प्रतिपदेने युक्त अमावास्या श्रेष्ठ. विरुद्ध पक्षाचे म्हणणे असे की दुसऱ्या दिवशी सूर्यास्तानंतर किमान एक घटिका म्हणजे चोवीस मिनिटे तरी तिथी हवी, शिवाय लक्ष्मीपूजनाला रात्र महत्त्वाची आणि रात्रीची अमावास्या तर पहिल्याच दिवशी आहे. दोन्ही बाजू शास्त्रवचने देत होत्या आणि दोन्हींची वचने खरी होती. २०२५ मध्ये तर मुंबई-पुण्यात दुसऱ्या दिवशी सूर्यास्तापूर्वीच अमावास्या संपत होती. तरीही साडेतीन प्रहरांहून अधिक असलेली अमावास्या आणि त्यापुढची वाढती प्रतिपदा असा वेगळा नियम पुढे करून महाराष्ट्राने २१ ऑक्टोबर हाच दिवस धरला.

येथे एक गमतीची बाब नोंदवायला हवी. काशी विरुद्ध महाराष्ट्र असे या वादाचे वर्णन होते खरे, पण दोन्हीकडचे विद्वान ज्या ग्रंथांकडे बोट दाखवतात त्यांची मुळे एकाच मातीत आहेत. ‘निर्णयसिंधू’ हा ग्रंथ कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये काशीत रचला, परंतु त्यांचे भट्ट घराणे मूळचे पैठणचे. ‘धर्मसिंधू’ लिहिणारे काशीनाथशास्त्री उपाध्ये पंढरपूरचे. त्यांचा ग्रंथ १७९० च्या सुमाराचा. निर्णयसिंधूत मतमतांतरांचा विस्तार आहे, तर धर्मसिंधूत सामान्य पुरोहितालाही उपयोगी पडेल असा निष्कर्ष देण्याचा प्रयत्न आहे. एवढे ग्रंथ असूनही वाद मिटत नाही, याचे कारण ग्रंथांच्या स्वरूपातच दडलेले आहे. ते कायद्याच्या पुस्तकासारखे एकच उत्तर देत नाहीत. परस्परविरोधी वचने समोर ठेवतात, त्यांची संगती लावतात आणि शेवटी देशाचार व कुलाचार यांना मोठे स्थान देतात. हिंदू धर्मात तारीख जाहीर करून सर्वांवर बंधनकारक करील असे एकच पीठ नाही. विद्वत्परिषदा ठराव करतात, आचार्य मत देतात, पंचांगकर्ते छापतात. पाळायचे कोणते, हे अखेरीस घर ठरवते.

वचनांच्या वादाखाली आणखी एक वाद असतो, तो गणिताचा. तिथी मोजायची कशी? सूर्यसिद्धांत व त्यावर आधारलेले करणग्रंथ यांनी शेकडो वर्षे उत्तम काम दिले, पण चंद्राच्या गतीतील काही बारकावे त्यांत आलेले नाहीत. जुन्या गणितानुसार तिथी फार तर पासष्ट घटिकांपर्यंत, म्हणजे सव्वीस तासांपर्यंत वाढते आणि कमीत कमी चौपन्न घटिकांची होते. यालाच पंचांगकर्ते ‘बाणवृद्धी’ व ‘रसक्षय’ म्हणतात. प्रत्यक्ष वेधाशी जुळणाऱ्या दृक्‌गणितात ही मर्यादा सात घटिका वृद्धी आणि दहा घटिका क्षय इथवर जाते. २०२४ ची ती अमावास्या सव्वीस तास चोवीस मिनिटांची, म्हणजे सहासष्ट घटिकांची होती. जुन्या मर्यादेत ती बसतच नाही. त्यामुळे पारंपरिक गणिताच्या पंचांगांत तिची समाप्ती अलीकडे येणे आणि १ नोव्हेंबरचा प्रदोष तिच्या हातून निसटणे स्वाभाविक होते.

दृक्‌गणिताचा स्वीकार महाराष्ट्रात सहजासहजी झालेला नाही. गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांनी शके १७८७ म्हणजे १८६५ पासून पाश्चात्त्य नाविक पंचांगाच्या आधारे नवे पंचांग सुरू केले. आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्यामुळे ते ‘पटवर्धनी पंचांग’ म्हणून ओळखले गेले. परक्यांच्या कोष्टकांवरून एकादशी ठरवायची काय, हा आक्षेप त्या काळी हलका नव्हता. पुढे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ च्या ग्रंथात भारतीय पंचांगांचा सर्व इतिहास मांडून, आपल्याच पूर्वाचार्यांनी वेध घेऊन गणितात वेळोवेळी सुधारणा केल्या होत्या हे दाखवून दिले. सुधारणा करणे हीच परंपरा, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. व्यंकटेश बापूजी केतकरांनी त्याच वाटेवर नवी कोष्टके तयार केली.

छत्र्यांचे विद्यार्थी असलेल्या लोकमान्य टिळकांनीही पंचांगशोधनाच्या चळवळीत पुढाकार घेतला. येथे प्रश्न आणखी एक पायरी खोल गेला : राशिचक्राचा आरंभ कोठून मानायचा? चित्रा तारा प्रमाण मानणारा एक पक्ष आणि रेवती नक्षत्रातील एक मंद तारा प्रमाण मानणारा दुसरा. टिळकांचा कल दुसऱ्या पक्षाकडे होता. दोन्ही आरंभबिंदूंत सुमारे चार अंशांचे अंतर पडते, म्हणून संक्रांती जवळपास चार दिवसांनी मागेपुढे होतात. अधिकमास संक्रांतीवरून ठरत असल्याने काही वर्षी दोन्ही पंचांगांचे अधिकमासच वेगळे येतात. कोकणात व पुण्यात आजही टिळक पंचांग पाळणारी घरे आहेत. २०२३ मध्ये सर्वत्र सप्टेंबरात गणपती बसले, या घरांत ते ऑगस्टमध्येच येऊन गेले. महिनाभर आधी आलेल्या या गणपतीमुळे कोणाचा धर्म बुडाला नाही. फुलवाल्याला थोडे आश्चर्य वाटले असेल, एवढेच.

अधिकमासाचे कारण सोपे आहे. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, तर ऋतूंचे वर्ष ३६५ दिवसांचे. अकरा दिवसांची ही तूट साठत जाते आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक असा चांद्रमास येतो, ज्यात सूर्य राशी बदलतच नाही. तो अधिकमास. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून असा अधिक ज्येष्ठ आहे. शुभकार्ये टाळायची आणि दान-जप करायचे अशा या महिन्यात मराठी घरांनी जावयाला अनारसे देण्याची प्रथा जोडली. गणितातील उरलेसुरले दिवस पुरुषोत्तमाच्या नावे करून टाकण्याची ही रीत व्यवहारी आणि सुंदर, दोन्ही आहे.

मकर संक्रांतीच्या बाबतीत मात्र एक गैरसमज घर करून बसला आहे. ती १४ जानेवारीला असते, ही समजूत तारखेचा आधार घेते, आकाशाचा नाही. निरयन गणनेत संक्रांत साधारण बहात्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. पानिपताचा रणसंग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला म्हणून मराठ्यांवर ‘संक्रांत’ आली असे सांगितले जाते, परंतु त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. प्रत्यक्ष उत्तरायण तर २१-२२ डिसेंबरलाच सुरू होते. तिळगूळ आणि दिवस मोठा होऊ लागणे यांची फारकत होऊन कित्येक शतके लोटली.

स्वातंत्र्यानंतर राज्यसंस्थेने या प्रश्नात हात घातला. १९५२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली, निर्मलचंद्र लाहिरी तिचे सचिव होते. देशभरातील सुमारे तीस पंचांगे गोळा करून समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला. २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र शके १८७९ रोजी, राष्ट्रीय सौर दिनदर्शिका अमलात आली. राजपत्रावर ती तारीख छापली जाते, आकाशवाणीवर ती उच्चारली जाते. लोकांनी मात्र तिच्याप्रमाणे ना पगार घेतला ना उपवास धरला. समितीचे दुसरे काम अधिक टिकले. चित्रा पक्षाचे अयनांश प्रमाण मानून ‘राष्ट्रीय पंचांग’ प्रसिद्ध होऊ लागले आणि आजही कोलकात्याच्या खगोलीय केंद्रातून ते अनेक भारतीय भाषांत निघते. त्यासाठी ८२ अंश ३० कला पूर्व रेखांश आणि उज्जैनचा अक्षांश असे एक मध्यवर्ती स्थान कल्पिले गेले. सर्व देशाला एक तिथी मिळावी यासाठी हा तोडगा आवश्यक होता. तरी त्या कल्पित स्थानी सूर्य मावळतो तेव्हा मुंबईत बराच उजेड असतो. राष्ट्राचा सूर्यास्त आणि घराचा सूर्यास्त यांत अर्ध्या तासाहून अधिक फरक पडतो आणि २०२४ सारख्या वर्षी तेवढा फरक पुरेसा असतो.

देशाबाहेर गेल्यावर तर हा नियम आणखी उघडा पडतो. २०२४ ची ती अमावास्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ३१ ऑक्टोबरच्या सकाळी सुरू होऊन १ नोव्हेंबरच्या सकाळी पावणेनऊच्या सुमारास संपली. तेथे वादाला जागाच नव्हती. पुण्यातील आई शुक्रवारी आणि न्यू जर्सीतील मुलगी गुरुवारी पूजा करीत होती, आणि दोघी एकाच नियमाचे पालन करीत होत्या. मोबाइलवरील पंचांगांत स्थळ बदलण्याची सोय असते, पण ती अनेकांच्या लक्षात येत नाही. भारतातील वेळा जशाच्या तशा परदेशात पाळल्या जातात.

महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाला मात्र वेळेपेक्षा महिन्याचा घोळ अधिक सतावतो. मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतात तो पौर्णिमेला संपतो. शुक्ल पक्षाचे नाव दोन्हीकडे एकच राहते, कृष्ण पक्षाचे बदलते. म्हणून मराठी घरातील श्रावण वद्य अष्टमी आणि शेजाऱ्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी हा एकच गोकुळाष्टमीचा दिवस. इंदूर, ग्वाल्हेर, झाशीकडे शेजारी श्रावणी सोमवार सुरू करतात तेव्हा मराठी घरांत अजून आषाढच चालू असतो आणि त्यांचा श्रावण संपतो तेव्हा इकडे निम्मा उरलेला असतो. उज्जैनला महाकालाची सवारी उत्तरेकडील श्रावणात सुरू होते, पण ती भाद्रपदाच्या कृष्ण पक्षापर्यंत चालते. मराठी श्रावण तेव्हाच संपतो. शिंदेकालीन मराठी परंपरेशी या विस्ताराचा संबंध जोडला जातो. दोन पंचांगे एकाच पालखीत बसवण्याचे याहून नेटके उदाहरण शोधून सापडणार नाही.

सणांच्या बाबतीत हा फरक निभावून नेता येतो, कारण नाव वेगळे असले तरी दिवस तोच असतो. श्राद्धाच्या बाबतीत तसे होत नाही आणि तेथे चूक मनाला लागते. समजा, उत्तरेतील एखाद्या शहरात घरातील वडीलधारी व्यक्ती गेली आणि अंत्यविधी करणाऱ्या स्थानिक पुरोहिताने वहीत ‘भाद्रपद कृष्ण पंचमी’ अशी तिथी लिहून दिली. काही वर्षांनी मुलगा बदली होऊन पुण्याला आला आणि तेथील गुरुजींना त्याने तीच तिथी सांगितली. गुरुजी मराठी पंचांगात भाद्रपद वद्य पंचमी पाहणार, तो दिवस पितृपक्षात येणार, आणि वर्षश्राद्ध एक महिना उशिरा होत राहणार. वास्तविक ती तिथी मराठी गणनेने श्रावण वद्य पंचमी होती. उलट दिशेने गेलेल्या कुटुंबाचे श्राद्ध याच कारणाने महिनाभर आधी होते. लक्ष्मीपूजनाच्या दोन तारखांवर सर्वत्र चर्चा रंगते. या चुकीची वाच्यता सहसा होत नाही, कारण त्या दिवसाला सुटी नसते आणि तो दिवस त्या एका घराखेरीज कोणाचाच नसतो.

त्यातही अपराण्हकालाचा नियम आहेच. श्राद्धतिथी दुपारनंतरच्या प्रहरात असावी लागते, म्हणून सकाळी दिसणारी तिथी प्रमाण मानून चालत नाही. दुपारी दोन वाजता कार्यालयात बसलेल्या माणसाला हा नियम पाळणे कठीण जाते, म्हणून अनेक घरांत सकाळीच विधी उरकला जातो. ज्यांना तिथी ठाऊकच नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्येची सोय परंपरेने पूर्वीच करून ठेवली आहे. ज्यांना ती नीट जपायची आहे, त्यांनी मृत्यूची इंग्रजी तारीख, घड्याळातील वेळ आणि गावाचे नाव या तीन गोष्टी घरच्या वहीत लिहून ठेवाव्यात, असे जाणकार पुरोहित सांगतात. त्यावरून कोणत्याही प्रदेशातील गुरुजींना कोणत्याही पंचांगाने मास, पक्ष आणि तिथी काढून देता येते.